वेगवान मोटार आणि शेंद्र्याचा वाटा

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी स्कोडा कंपनीने 'ऑक्टाव्हिया आरएस' ही मोटार भारताच्या बाजारात आणली. किंमत ४९ लाख ९९ हजार रुपये, आणि संख्या अवघी शंभर. नोंदणी तिच्या आधीच खुली झालेली होती आणि पाहता पाहता साऱ्या गाड्या विकल्याही गेल्या होत्या. मोटारींना वाहिलेल्या नियतकालिकांनी या गाडीचे मोठ्या उत्साहाने स्वागत केले. याच नावाची जी पहिली मोटार २००४ साली भारतात आली होती, तिच्याशी नवीची तुलना करण्याचा मोह अनेकांना झाला आणि तो स्वाभाविकही आहे. जुनीची अश्वशक्ती किती, नवीची किती. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत पोहोचण्यास तिला किती सेकंद लागत, हिला किती लागतात. कोणती चालविण्यात अधिक आनंद. या तुलनेत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही, आणि आपल्या शहराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. २००४ ची ती पहिली मोटार जुळविली जात होती तेव्हाच्या औरंगाबादेत, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीत. तिची ही वंशज मात्र युरोपातून पूर्ण तयार होऊन, जहाजात बसून आली आहे.

या पानाचे वाचक बव्हंशी शिक्षक, कार्यालयांतून काम करणारे कर्मचारी आणि विद्यार्थी असतात. पन्नास लाखांची मोटार घेणाऱ्यांत त्यांची गणना होण्याचा संभव नाही. प्रस्तुत लेखकाचीही नाही. मग हा विषय येथे कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, एखादी वस्तू आपण विकत घेऊ शकत नसलो तरी ती आपल्या गावात तयार होते की नाही, होत असेल तर तिचा किती भाग आपल्या गावात तयार होतो, आणि तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून कोणत्या सवलती दिल्या जातात, याच्याशी आपला संबंध येतोच. गावातील मुले आयटीआयमधून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना कोणते काम मिळते, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

वेगवान मोटारीची ही परंपरा मूळची अमेरिकेची. तिकडे अशा मोटारीला 'मसल कार' म्हणतात. आपण हवे तर 'पैलवान मोटार' म्हणू. तिची कल्पना अगदी साधी होती. कुटुंबासाठी बनविलेल्या मध्यम आकाराच्या, स्वस्त मोटारीच्या सांगाड्यात मोठ्या मोटारीचे दांडगे इंजिन बसवायचे, आणि बाकी फारसे काही बदलायचे नाही. पाँटिअ‍ॅक कंपनीने १९६४ च्या श्रेणीत 'जीटीओ' आणली ती याच रीतीने. सर्वसाधारण मोटारीवर तीनशे डॉलरांहून किंचित कमी रक्कम जास्तीची मोजली की हे इंजिन मिळत असे. संपूर्ण गाडी तीन हजार डॉलरांच्या आत येई. त्या वर्षी अमेरिकेतील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेसहा हजार डॉलरांच्या आसपास होते. म्हणजे जो कामगार डेट्रॉइट परिसरातील कारखान्यात ही मोटार जुळवीत होता, त्याला आपल्या अर्ध्या वर्षाच्या कमाईत ती घेता येत होती. अमेरिकेच्या भरभराटीच्या त्या काळाचे वर्णन करायला जाडजूड ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण ही एक तुलना त्यांतील बऱ्याच पानांचे काम करते.

ती भरभराट टिकली नाही. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, तरुण चालकांवर विमा कंपन्यांनी लादलेले जबर हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी पैलवान मोटारींचे पहिले युग संपविले. 'डॉज चॅलेंजर' ही त्यांतील एक गाजलेली मोटार. १९७० च्या श्रेणीत ती बाजारात आली तेव्हा डेट्रॉइटच्या शेजारी हॅमट्रॅमक येथील कारखान्यात बनत होती. तो प्रचंड कारखाना १९८० साली बंद पडला. पुढे २००८ साली चॅलेंजर हे नाव पुन्हा अवतरले, तेव्हा ती गाडी कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे बनू लागली. कालांतराने तिच्या एका आवृत्तीत तब्बल ७०७ अश्वशक्ती आली. जुन्या सर्वांत बलिष्ठ चॅलेंजरची ४२५ होती, आणि तीही मोजण्याच्या जुन्या, सैल पद्धतीने. १९७२ पासून अमेरिकेत अश्वशक्ती गाडीत बसविलेल्या इंजिनाची मोजली जाऊ लागली. त्यापूर्वी ती मोकळ्या, सुट्या इंजिनाची मोजून सांगितली जात असे, त्यामुळे आकडे फुगलेले दिसत. म्हणजे नवी गाडी आकड्यांतून दिसते त्याहूनही अधिक श्रेष्ठ होती. हॅमट्रॅमकला मात्र त्या श्रेष्ठत्वाचा काही उपयोग नव्हता. २०२३ च्या अखेरीस ही दुसरी चॅलेंजरही थांबली.

आपल्याकडील गोष्ट याच जातीची आहे. फक्त प्रमाण लहान आहे आणि काळ आखूड.

दोन गाड्या, एकवीस वर्षे

स्कोडा ही मूळची चेक कंपनी. १८९५ साली व्हाक्लाव लाउरिन आणि व्हाक्लाव क्लेमेंट या दोघांनी म्लादा बोलेस्लाव या गावी सायकली बनविण्यापासून तिचा आरंभ केला. १९९१ नंतर ती क्रमाक्रमाने जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाकडे गेली. 'आरएस' ही अक्षरे 'रॅली स्पोर्ट' या शब्दांची. १९७० च्या दशकात साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात बनलेली '१३० आरएस' ही छोटी मोटार युरोपातील खडतर शर्यतींत आपल्या गटात नाव मिळवून गेली होती, तिचा वारसा या अक्षरांत आहे. आधुनिक काळातील पहिली आरएस २००० साली युरोपात आली आणि २००४ साली आपल्याकडे. शेंद्रा येथे ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ च्या अखेरीस सुरू झाली होती. तेव्हा ही मोटार दिसली की लोक वळून पाहत. जड, भक्कम दरवाजे आणि डिझेल इंजिनाचा दमदारपणा यांची चर्चा जालना रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत पोहोचली होती. ही गाडी 'आपल्या एमआयडीसीत' होते, असे सांगताना बोलणाऱ्याची मान किंचित ताठ होई.

२००४ च्या त्या आरएसमध्ये १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. त्याला टर्बोचार्जर जोडलेला होता, म्हणजे इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरे आणि ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरे. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन जाळण्याची सोय, आणि अधिक शक्ती. प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा होत्या. भारतात आलेल्या आवृत्तीची शक्ती १५० अश्वशक्ती. युरोपातील हिच्याच बहिणीला १८० होती, हे येथील शौकिनांना तेव्हाही खुपले होते. गिअर पाच, आणि ते हाताने बदलायचे. शून्यापासून शंभरच्या वेगापर्यंत जायला साधारण नऊ सेकंद. टर्बोचे चक्र वेग घेईपर्यंत पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर काही क्षण निरुत्तर राही आणि मग गाडी एकदम उसळी घेई. ज्यांनी ती चालविली आहे ते या उसळीबद्दल अजून आवडीने बोलतात. आजच्या कोणत्याही चांगल्या मोटारीत हा दोष मानला जाईल. जुन्या वस्तूंच्या बाबतीत दोषांचे आठवणीत गुण होतात, त्याला मोटार तरी कशी अपवाद असेल?

२०२५ च्या आरएसचे इंजिन दोन लिटरचे, शक्ती २६५ अश्वशक्ती. शंभरचा वेग ६.४ सेकंदांत. कमाल वेग २५० किलोमीटर, आणि तोही मुद्दाम इलेक्ट्रॉनिक रीतीने रोखलेला. गिअर सात, आणि ते आपले आपण बदलतात. या गिअरपेटीत दोन क्लच असतात. एकाकडे विषम क्रमांकांचे गिअर, दुसऱ्याकडे सम. तिसरा गिअर चालू असतानाच चौथा तयार होऊन उभा असतो, त्यामुळे बदल होताना शक्तीचा ओघ जवळजवळ खंडित होत नाही. पुढच्या दोन चाकांपैकी कोणत्या चाकाला किती जोर द्यावा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने क्षणोक्षणी ठरते, म्हणून वळणावर गाडी घसरत बाहेर जात नाही. तंत्र म्हणून यात नावे ठेवण्यासारखे काही नाही. जुनी गाडी चांगली की नवी, असा साधा प्रश्न असेल तर नवी चांगली, हे कबूल करून पुढे जाणे बरे. ती अधिक वेगवान तर आहेच, शिवाय अधिक सुरक्षित आणि अधिक स्वच्छ धुराचीही आहे.

या वेगाचा उपयोग किती, हा प्रश्न मात्र उरतो. शेंद्र्याजवळून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार देशातील द्रुतगती मार्गांवरही तीच. म्हणजे २००४ ची आरएससुद्धा कायद्याने चालवायची तर आपली सारी ताकद वापरू शकत नाही. नवीच्या अंगी असलेल्या वेगाचा निम्म्याहून अधिक भाग कायमचा कुलुपात राहणार. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बसला लागलेल्या आगीत पंचवीस माणसे गेली. तेव्हापासून मराठवाडा–विदर्भातील माणसाला वेगाविषयी बोलताना जरा अडखळायला होते. मग ग्राहक शंभर गाड्यांसाठी धावतो कशाला? फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली एक विचार मांडला होता. काही वस्तूंचे मोल त्यांच्या उपयोगात नसून इतरांजवळ त्या नसण्यात असते, आणि समाज जितका श्रीमंत होतो तितकी मिळकतीतील मोठमोठी वाढ अशा वस्तूंच्या मागे जाते. गाड्या शंभरच आणल्या जातात यात पुरवठ्याची अडचण जशी आहे तशीच विक्रीची युक्तीही आहे. दोनशेवी गाडी घेणाऱ्याला पन्नास लाखांत काय मिळाले असते?

पहिल्या आरएसपासून या आरएसपर्यंत मधल्या आवृत्त्याही येऊन गेल्या. ३० ऑगस्ट २०१७ रोजी २३० अश्वशक्तीची आरएस २४ लाख ६२ हजारांना आली. २०२० साली २४५ अश्वशक्तीची ३५ लाख ९९ हजारांना, दोनशे नग. आता जवळजवळ पन्नास लाख. रुपयाची किंमत मधल्या काळात घटली हे खरे, म्हणून आपण उत्पन्नाशी तुलना करू. २०१७–१८ साली देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे एक लाख पंधरा हजार रुपये होते. तेव्हाची आरएस म्हणजे सरासरी भारतीयाची एकवीस वर्षांची कमाई. २०२४–२५ साली दरडोई उत्पन्न दोन लाखांच्या थोडे वर गेले. २०२५ ची आरएस म्हणजे चोवीस वर्षांची कमाई. देशाचे उत्पन्न वाढले, मोटारही सुधारली, पण दोघांतील अंतर वाढले. डेट्रॉइटच्या कामगाराचे अर्धे वर्ष आठवले की या आकड्यांचा अर्थ ध्यानात येतो.

जुळणी म्हणजे काय?

२०१७ च्या आरएसला चोवीस लाख आणि २०२० च्या आरएसला छत्तीस लाख, हा तीन वर्षांतील फरक नुसत्या पंधरा जादा अश्वशक्तींचा नव्हे. पहिली सुट्या भागांत येऊन शेंद्र्यात जुळविली गेली, दुसरी पूर्ण तयार आली. आयातशुल्काची रचनाच अशी आहे की, सुट्या केलेल्या गाडीवर ते कमी आणि तयार गाडीवर जास्त. तयार मोटारीवरील शुल्क २०२५ सालीही सत्तर टक्क्यांच्या खाली नव्हते. महागड्या मोटारींच्या बाबतीत सर्व मिळून ते एकशे दहा टक्क्यांपर्यंत जाई. या फरकामागचा हेतू उघड आहे. परदेशी कंपनीने येथे काहीतरी काम करावे, माणसांना कामावर घ्यावे, हळूहळू भागही येथेच बनवावेत, असे सरकारला वाटते. त्याच वेळी २०१८ साली सरकारने दुसरी एक वाट मोकळी केली. एका कंपनीने वर्षाला अडीच हजारांपर्यंत तयार गाड्या आणल्या, तर युरोप किंवा जपानच्या कसोट्यांना उतरलेल्या त्या गाड्यांची येथे पुन्हा चाचणी घेण्याची अट राहिली नाही. २०२० च्या दोनशे आरएस याच वाटेने आल्या. मग एप्रिल २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम आले, ज्यांत गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर धावताना तिचा धूर मोजला जातो. ऑक्टाव्हियाचा खप इतका नव्हता की त्यासाठी नवे इंजिन येथे जुळविण्याचा खर्च परवडावा. त्या वर्षी शेंद्र्यातून ऑक्टाव्हिया हे नाव उठले.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. ऑक्टाव्हिया शेंद्र्यात 'बनत' होती असे आपण म्हणत आलो. पण बनणे आणि जुळणे यांत फरक असतो. रंगविलेला सांगाडा, इंजिन, गिअरपेटी, आसने, तारांचे जुडगे हे सारे खोक्यांतून यायचे. येथे ते क्रमाने एकत्र करून, तपासून, गाडी चाकांवर उभी करायची. हे काम कुशल आहे, स्वच्छ आहे, पगारही बरा आहे. मात्र त्याला पत्रा दाबणारा, लोखंड ओतणारा, रबर साच्यात घालणारा शेजारी लागत नाही. फोक्सवॅगन समूहाने पत्रा दाबण्यापासून रंगकामापर्यंतचा खरा कारखाना काढला तो २००९ साली चाकणला. तेथील नव्या मोटारींत देशी भागांचे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांपर्यंत असल्याचे कंपनीच सांगते. शेंद्र्याला २००७ पासून ऑडी आली, नंतर स्कोडाच्या आणखी मोठ्या गाड्या आल्या. नावे भारी, पण खोकी तीच.

या खोक्यांवरून एक मोठा वादही उभा राहिला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने समूहाच्या भारतीय कंपनीला सुमारे १४० कोटी डॉलरांच्या मागणीची नोटीस दिली. विभागाचे म्हणणे असे की, कंपनी जवळजवळ संपूर्ण मोटारच सुट्या भागांत आणत होती. तिच्यावर तीस ते पस्तीस टक्के शुल्क लागू होते. पण वेगवेगळ्या खेपांत, निरनिराळे भाग म्हणून दाखवून पाच ते पंधरा टक्केच भरले गेले. कंपनीने हा आरोप नाकारला आणि २०२५ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर गेले. कायद्याचा निवाडा न्यायालय करील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात एक वेगळाच मुद्दा दिसतो. गाडी कोठे संपते आणि सुटे भाग कोठे सुरू होतात याविषयी सरकार आणि कंपनी यांच्यात असा वाद होऊ शकतो, याचा अर्थच हा की, मधल्या कामाने गाडीच्या मूल्यात पडलेली भर मोठी नाही.

येथे ऑक्टोबर २०१० ची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्या महिन्यात औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. सौदा ६५ कोटींचा होता. देशभर शहराचे नाव झाले, आणि मागासलेल्या मराठवाड्याचा शिक्का पुसला गेला अशीही भाषा झाली. स्टेट बँकेने त्यातील सुमारे दोन तृतीयांश रक्कम सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने दिली. त्याच सुमारास याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्क्यांच्या घरात व्याज पडत होते, पत्रकार पी. साईनाथ यांनी हा विरोधाभास तेव्हा वृत्तपत्रातून पुढे आणला. बँकेच्या दृष्टीने मर्सिडीजचा ग्राहक कमी जोखमीचा, हे तर्काला धरून आहे. तरीही बँक सार्वजनिक मालकीची आहे, आणि ट्रॅक्टरमागे धान्य येते. त्या दीडशे मोटारींपैकी एकीचाही स्क्रू आपल्या शहरात आवळला गेला नव्हता, हेही नमूद करायला हवे.

वाळूजचा धडा

शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला, गोष्ट वेगळी घडली. तेथे बजाज ऑटोच्या कारखान्याची कोनशिला जानेवारी १९८४ मध्ये बसली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अनुशेषाचा अभ्यास करणाऱ्या वि. म. दांडेकर समितीचा अहवाल त्याच काळातील; मराठवाड्याचे मागासलेपण तेव्हा राजकारणाच्या ऐरणीवर होते. १९६४ पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली मागास भागात येणाऱ्या कारखान्यांना विक्रीकराच्या सवलती मिळत. वाळूजला कारखाना आला त्यात या सवलतींचा वाटा होता, आणि तो जनतेच्या पैशातून दिलेला होता.

त्या पैशाचे काय झाले ते पाहावे. दुचाकी ही स्वस्त वस्तू. तिचे भाग परदेशातून आणणे परवडत नाही, म्हणून ते जवळपास बनविणारे लोक लागतात. १९८५ साली अनुरंग जैन यांनी औरंगाबादेत अ‍ॅल्युमिनियमच्या डाय-कास्टिंगचा जो लहान उद्योग सुरू केला त्याचीच पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी झाली. दुचाकीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक, इंजिनाची कवचे बनवीत ती इतकी वाढली की २००६–०७ च्या सुमारास तिने जर्मनी आणि इटलीतील कारखाने विकत घेतले. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांची व्हॅरॉक ही कंपनीही वाळूजलाच १९९० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या भागांपासून उभी राहिली. हे दोघे राहुल बजाज यांचे भाचे. नात्याचा आधार त्यांना मिळाला यात शंका नाही. पण त्यांच्याभोवती नाते नसलेले शेकडो लहान कारखानदार उभे राहिले. कोणी बुश बनवितो, कोणी प्लेटिंग करतो, कोणी साचे घासतो. लेथवर काम करणारा कामगार स्वतःचे लेथ घेऊन मालक झाल्याची उदाहरणे वाळूज आणि चिकलठाण्याच्या गल्ल्यांत पुष्कळ सापडतील. १९९८ मध्ये वाळूजमधून बाहेर पडलेली 'कॅलिबर' ही काही पैलवान मोटारसायकल नव्हती, परंतु ती शिक्षकाला, तलाठ्याला, दूध घालणाऱ्याला हप्त्यावर घेता येत होती. डेट्रॉइटचा तो जुना हिशेब आपल्या शहरात कोठे लागू पडला असेल, तर तो येथे.

वाळूजचे गोडवे गाण्याचा हा प्रकार नव्हे. कंत्राटी कामगारांची तेथील स्थिती सर्वांना ठाऊक आहे. कायम नोकरी ही आता आजोबांच्या गोष्टींत जमा झाली आहे. सवलतींचा मोह कंपनीला दूरही नेऊ शकतो. उत्तराखंडात अबकारी करमाफी मिळताच २००७ साली पंतनगरला बजाजचा कारखाना उभा राहिलाच. तरी वाळूजचा कारखाना बंद पडला नाही. माझ्या मते त्याचे मुख्य कारण हे की, ज्या झाडाची मुळे आजूबाजूच्या शंभर शेडमध्ये पसरली आहेत ते उपटून नेणे महागात पडते. शेंद्र्यातील जुळणीच्या कारखान्याला अशी मुळे फुटलीच नाहीत. एक नाव उठले, दुसरे आले. ऑक्टाव्हिया गेली तेव्हा शहरातील कोणता पूरक कारखाना बंद पडला, असे विचारले तर उत्तर देणे कठीण जाईल; आणि त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

आता परिस्थिती पुन्हा बदलते आहे. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. युरोपीय मोटारींवरील शुल्क, ठरावीक संख्येपुरते, टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे त्यात ठरले आहे. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर यात वाईट काही नाही. पुढची आरएस कदाचित स्वस्त होईल. परंतु तयार गाडी आणि सुटी गाडी यांच्या शुल्कातील जे अंतर शेंद्र्यातील जुळणीला जिवंत ठेवीत होते, तेच मिटू लागल्यावर खोकी येथे आणून उघडण्याचे प्रयोजन काय राहील? शंभर आरएस तयार आल्या ही आज किरकोळ बाब आहे. इतर गाड्यांनाही हाच मार्ग सोयीचा वाटू लागला, तर ती किरकोळ राहणार नाही.

दुसऱ्या बाजूने, बिडकीनला मोठ्या गुंतवणुकी जाहीर झाल्या आहेत. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी वीस हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. विजेवर चालणाऱ्या स्कूटर बनविणाऱ्या एथर कंपनीनेही त्याच वर्षी येथील जागा निवडली. वृत्तपत्रांतून गुंतवणुकीचा आकडा आणि रोजगाराचा आकडा छापून येतो; त्यावर स्वागताचे फलक लागतात. पण या दोन आकड्यांवरून वाळूज कोणते आणि शेंद्रा कोणते हे ओळखता येत नाही. दोन्ही ठिकाणी कारखाना, दोन्ही ठिकाणी गणवेशातील कामगार. त्यासाठी तिसरा आकडा लागतो: गाडीच्या एकूण किमतीपैकी किती रुपयांचे भाग या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत विकत घेतले जाणार, आणि ते प्रमाण तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी किती असणार.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत हा आकडा अधिकच निकडीचा आहे. त्यांत इंजिन नाही, गिअरपेटी जवळजवळ नाही. वाळूजच्या लहान कारखान्यांचे आजवरचे बरेचसे काम त्या दोहोंभोवती होते. बॅटरीचे घट, मोटर, नियंत्रक हे बाहेरून आले आणि येथे फक्त बसविले गेले, तर स्कूटरसुद्धा शेंद्र्याच्या ऑक्टाव्हियासारखीच 'आपल्या गावची' होईल, नावापुरती. वाळूजच्या साचेवाल्याला, लेथवाल्याला नव्या कामाकडे वळायचे असेल तर पाच वर्षे हातात हवीत, प्रशिक्षण हवे, बँकेचे कर्ज हवे. ते कर्ज मर्सिडीजच्या दराने मिळाले तर फारच उत्तम!

सामूहिक प्रोत्साहन योजनेतील परतावे आज वस्तू व सेवा करातून दिले जातात. म्हणजे शहरातला शिक्षक साबण विकत घेतो त्या कराचाही त्यात अंश असतो. त्यामुळे कराराच्या वेळी हा तिसरा आकडा मागण्याचा आणि परताव्याची रक्कम त्याच्याशी जोडण्याचा अधिकार राज्याला आहे. उद्योग विभागाने तो करारात लिहून घ्यावा आणि दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. येथील औद्योगिक संघटनांनी, आमदार-खासदारांनी या मागणीसाठी पाठपुरावा करायचा तर तो बिडकीनचे कारखाने उभे राहण्यापूर्वी, भाग कोणाकडून घ्यायचे याचे निर्णय होण्यापूर्वी करायला हवा. कारण भाग पुरविणाऱ्यांशी करार एकदा झाले की ते सहसा त्या गाडीची श्रेणी संपेपर्यंत बदलत नाहीत.